इंटरमिजिएटचा फॉर्म भरू की नको? (मुलगी आता 'विषय काय?' विचारायला लागलीय)

कांडीवाली, इचलकरंजी

नमस्कार. इथं एरवी वाचनमात्र असते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी चित्रकलेची सरकारी एलिमेंटरी परीक्षा दिली, ए ग्रेड आली. आता शाळेतून तिच्या पुढच्या, इंटरमिजिएटच्या फॉर्मची चिठ्ठी आलीय आणि घरात दोन पक्ष पडलेत. ह्यांचं म्हणणं, द्यायचीच, दहावीला सात मार्क जादा मिळतात. (ए ला ७, बी ला ५, सी ला ३. ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.) पाचशेत सात म्हणजे १.४ टक्के, आणि अकरावीच्या यादीत पोरं पॉइंटात मागं पडतात, हा त्यांचा हिशोब. तो चुकीचा नाही. आमचे यंत्रमाग आहेत, मीटरवर हिशोब करायची सवय आहे.

माझं दुखणं वेगळं आहे. माग घराच्या खालीच. ही पोरगी त्या खडखडाटातच झोपायला शिकली. दुसरी-तिसरीपासून बिलबुकाच्या मागं, तागे गुंडाळायच्या कागदावर, जिथं कोरी जागा दिसेल तिथं चित्रं. काय काढायची ऐका. मागाखाली शिरलेला जॉबर (माग दुरुस्त करणारा), नुसते पाय बाहेर. कांड्यांच्या (सूत गुंडाळलेल्या रिळांच्या) पेटीत व्यालेली मांजर. लाइट गेल्यावर कामगार दारात तंबाखू मळत बसलेले आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, ट्रान्सफॉर्मरकडं. एकदा तिनं माग काढला आणि भोवती नुसत्या रेघाच रेघा मारल्या, इतक्या दाट की त्यात माणसं दिसेनात. मी म्हटलं, चांगलं चित्र खराब का केलंस? तर म्हणाली, 'खराब नाही, आवाज आहे तो.'

सातवीच्या सुट्टीत क्लास लावला. शाळेतल्या सरांनीच सांगितलं होतं की हात चांगला आहे, पण शिस्त नाही. क्लासचे सर मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. वस्तुचित्र तर तिचं बघत राहावं असं झालंय, तांब्यावरची चमक अगदी खरी. पण स्मरणचित्राला (दिलेल्या विषयावर आठवून काढायचं चित्र) तिथं ठरलेल्या आकृत्या बसवून घेतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, बसलेला विक्रेता, पळणारं पोरगं, काठीवाला म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई. विषय बाजार आला की ह्या पाच जणांना बाजारात उभं करायचं, एसटी स्टँड आला की स्टँडवर. मागं झाड आणि दोन घरं. झालं स्मरणचित्र. ह्यात कसलं आलंय स्मरण?

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. ती हिला म्हणाली, ताई, मला एक चित्र काढून दे. हिनं पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, 'विषय काय?' भाची गप्प. मग हिनंच ठरवलं आणि फुगेवाला काढला. छान काढला. पण माझ्या पोटात खड्डा पडला.

शाळेनं आणि क्लासनं हिची कल्पनाशक्ती मारली का? की वयच तसं आहे? परीक्षा द्यायला लावू की हा नाद इथंच थांबवून तिचं तिला काढू दे म्हणू? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. तत्त्वज्ञान कमी चालेल, फॉर्मची तारीख जवळ आलीय.

—

मुक्ताफळे

अजिबात देऊ नका परीक्षा. आपली शाळा हा कारखाना आहे, एका मापाची मुलं बाहेर काढायची. तुमची मुलगी जन्मजात कलाकार होती, व्यवस्थेनं तिचा बळी घेतला. क्लास बंद, परीक्षा बंद, शक्य असेल तर शाळासुद्धा बंद. माझ्या मुलाला आम्ही घरीच शिकवतो. तो दिवसभर मनाला येईल ते करतो आणि अतिशय आनंदी आहे.

—

गाळीव_रत्न

मुक्ताफळे, तो दिवसभर मनाला येईल ते करतो हे समजलं. काय करतो तेवढं सांगा की. (ह. घ्या.)

आणि कारखान्याचं उदाहरण कुणाला देताय ते तरी बघा. त्यांच्या घराखालीच आहे कारखाना, आणि चित्रं तिथूनच आलीत.

—

खडूमास्तर, सातारा जिल्हा

कांडीवाली ताई, मी अनुदानित हायस्कूलमध्ये कलाशिक्षक आहे. तुम्ही लिहिलेल्या त्या पाच आकृत्या मी स्वतः शिकवतो, दरवर्षी शिकवतो आणि पुढंही शिकवणार आहे. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा.

आधी आकृत्या का शिकवतो ते सांगतो. बारा-तेरा वर्षांचं पोर चित्र काढायचं का थांबवतं, हे मी वर्गात उभा राहून बघितलंय. पाचवीत सगळी काढतात. हात खांद्यातून आला काय, कमरेतून आला काय, त्यांना फिकीर नसते. सातवी-आठवीत एक दिवस पोराला स्वतःलाच दिसायला लागतं की आपण काढलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. डोळ्यांची समज पुढं गेलेली असते, हात मागं राहिलेला असतो. तिथं बहुतेक जण वही मिटतात आणि 'मला चित्र येत नाही' हे वाक्य घेऊन उरलेलं आयुष्य काढतात. आमच्या स्टाफरूममध्येच असे कितीतरी आहेत. त्या वेळी कुणीतरी हाताला धरून सांगावं लागतं की उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सातपट धर, कोपर कमरेशी येतं, बसला की गुडघा असा पुढं येतो. आकृत्या म्हणजे एवढंच. ते कुणी सांगितलं नाही तर तुमच्या मुलीचं चित्र क्लासविनासुद्धा थांबलं असतं, फक्त मग दोष द्यायला कुणी सापडलं नसतं.

दुसरं. साचा आम्ही मास्तरच देतो असं सगळे धरून चालतात. पहिलीतल्या कुठल्याही पोराला 'काहीही काढ' म्हणा. दोन डोंगर, मधून सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठाला कौलारू घर, एक नारळ, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या दुष्काळी पट्ट्यात नदी नाही, नारळ तर मुळीच नाही. हे चित्र कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही. पोरं ते पोरांकडून शिकतात, थोरल्या बहिणीच्या वहीतून. तेव्हा मोकळं सोडलं की मूल आपलं आपण वेगळं काहीतरी काढेल, हा गोड समज आहे. मोकळं सोडलं की ते शेजारच्याचं बघून काढतं. तुमच्या मुलीनं मांजर आणि जॉबर काढला याचं कारण मोकळीक नसून तिला बघायची सवय होती हे आहे, आणि ती सवय दुर्मीळ आहे.

आणि साच्यानं कल्पकता मरत असती तर वारली चित्रकलेतून जिव्या सोमा म्हसे निपजलेच नसते. लग्नघरात सवाष्णींनी भिंतीवर काढायचं चित्र ते. चौक ठरलेला, त्यात पालघट देवी ठरलेली, माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. याहून घट्ट साचा कुठला असणार? म्हसेंनी १९७० च्या दशकात तेच त्रिकोण भिंतीवरून कागदावर आणले, लग्नाबाहेर काढले आणि त्यातून मासेमारीचं जाळं असं विणलं की बघणाऱ्याची नजर त्यात अडकावी. २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. आता गंमत बघा. आमच्या शाळांतून संकल्पचित्र (नक्षीचं चित्र) आलं की निम्मी पोरं किनारीला वारली माणसं काढतात, तेच दोन त्रिकोण, आणि त्यात कुणालाही काही सापडत नाही. त्रिकोण तोच आहे. म्हसेंना त्यातून काहीतरी दाखवायचं होतं, आमच्या पोरांना किनार भरायची असते.

आता शाळा कुठं चुकते तेही सांगतो. पाच आकृत्या शिकवणं ही पहिली पायरी, आणि आम्ही तिथंच मुक्काम ठोकतो. कारण मार्क तिथंच मिळतात. ही परीक्षा मुळात इंग्रजांच्या काळातली, लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या वळणाची. हात आणि नजर तयार व्हावी हा हेतू, आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे. दोन दिवस, चार पेपर. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. पण ज्या पेपराला स्मरणाचं नाव दिलंय, तिथं पोराला काय आठवतं हे तपासायची सोय नाही. तपासणाऱ्यापुढं चित्रांचा गठ्ठा असतो. पुढच्या बाजूला मोठ्या आकृत्या, प्रमाण बरोबर, रंग स्वच्छ, कागद भरलेला, की झालं. त्या घाईत दुसरं काय दिसणार?

माझ्या वर्गात एक पोरगा होता, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. सरावाला मी 'पावसाळ्यातील दृश्य' दिलं. सगळ्या वर्गानं छत्र्या काढल्या. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात छत्री वापरलेली नव्हती, इरलं नाही तर खताची गोणी डोक्यावर घेऊन येणारी पोरं ती. ह्यानं पाऊस आतून काढला. खोपीच्या आतलं दृश्य, अंधार, आणि जमिनीवर पातेलं, तांब्या, परात, डबा असं काय काय मांडलेलं, प्रत्येकात वरून एक धार. माणूस एकच, कोपऱ्यात, पाय पोटाशी घेतलेला. परीक्षेच्या निकषांवर ते चित्र सी ग्रेडच्या वर जात नव्हतं. परातीचा लंबगोल वाकडा, खोली कुठून बघतोय ते कळत नाही, आकृती एक आणि तीही लहान. मी त्याला तसं सांगितलं आणि परातीचा लंबगोल कसा सुधारायचा तेही दाखवलं. सांगायचं राहिलेलं काही नव्हतं. पण शाळेच्या अख्ख्या वर्षात असा एकही प्रसंग नाही, जिथं त्या परातीला मार्क असतील. प्रदर्शन भरतं तेव्हा पाहुण्यांसाठी ए ग्रेडची चित्रं लावतात.

तासांचं तर बोलूच नये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक हवा असं छापलेलं आहे. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा राहिलेला भाग पुरा करायची जागा. सहामाही जवळ आली की मी वर्गाच्या दाराशी जातो आणि आत दुसरंच कोणीतरी फळ्यावर वर्गमूळ काढत असतं. आठवड्यातल्या दोन तासांतले किती हाताला लागतात विचारू नका. त्या वेळात पाच आकृत्या बसतात. सहावी शिकवायला वेळ कुठला?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फॉर्म भरा. इंटरमिजिएटला स्थिरचित्र आहे, घनभूमिती आहे, तिचा हात आणखी पक्का होईल. आणि घरी एक करा. तिला 'मनाचं काहीतरी काढ' असं अजिबात म्हणू नका, चौदा वर्षांच्या पोरीला त्या वाक्याचा राग येतो. क्लासमधला तो बसलेला भाजीवाला तुमच्या कारखान्यात आणून बसवायला सांगा. तो कांड्या भरायला बसला तर हात कुठं जातील? मान किती वाकेल? शिकवलेली आकृती कमी पडायला लागली की ती आपोआप खाली जाऊन बघून येईल.

अजून एक विचारू का? तिनं काढायचं थांबवलंय की तुम्हाला दाखवायचं? गणिताच्या वहीची मागची पानं हळूच बघा. म्हणजे खरं तर बघू नका. पण असतात.

अवांतर: मुक्ताफळे, तुमच्यापासून दूर नसेल तर कधी कोल्हापूरला सृजन आनंद विद्यालयात जाऊन या. लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेली शाळा. 'शाळा' म्हटल्यावर सगळ्या एका दावणीला बांधू नयेत. तिथली मुलंही पुढं त्याच दहावीला बसतात.

—

अनुस्वार

मास्तर, प्रतिसाद आवडला. मी दहावीला मराठी शिकवते. आमच्याकडचा अनुभव जोडते, कारण आमच्याकडं तर साचा मोडायचा सरकारी प्रयत्न झाला होता.

२०१९ च्या मार्चपासून दहावीला मराठीची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली. हेतू उत्तम होता. पाठाखालचे प्रश्न जसेच्या तसे येणार नाहीत, मुलांनी स्वतः विचार करून लिहायचं, बातमी करायची, जाहिरात करायची, कथा पुरी करायची. आणि प्रत्येक उताऱ्याखाली 'स्वमत'. पहिल्या वर्षी मुलं भांबावली, आम्हीही भांबावलो. तो काळ फार छान होता. एका मुलानं तर कवितेबद्दल 'मला ही कविता पटली नाही' असं लिहून कारण दिलं होतं.

फार दिवस टिकलं नाही. गाइडमध्ये स्वमत छापून आलं. आता पेपर तपासताना एकामागून एक स्वमत वाचते आणि सगळ्यांची मतं शब्दशः सारखी, 'माझ्या मते' पासून 'असे मला वाटते' पर्यंत. पालक येऊन विचारतात, मॅडम, स्वमताच्या नोट्स कधी देणार? मी देत नाही म्हटल्यावर मुलं क्लासमधून आणतात. आणि खरं सांगायचं तर त्यांना मी चूक कशी म्हणू? छापील स्वमताला पूर्ण गुण पडतात. स्वतःचं लिहिलेलं तपासणाऱ्याला समजलं तर पूर्ण, नाही समजलं तर अर्धे. पोरं हा जुगार का खेळतील?

गेल्या सराव परीक्षेत जाहिरातलेखनाला खाद्यपदार्थाचं दुकान होतं. एकानं काकाच्या गाड्याची जाहिरात केली: 'वडे संपले की गाडा बंद. साडेनऊनंतर येऊन भांडू नये.' मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली, सगळे हसले. पण त्यात पत्ता नव्हता, संपर्क नव्हता, आकर्षक घोषवाक्य नव्हतं, मुद्द्यांप्रमाणे गुण कापावे लागले. त्याच्या शेजारच्यानं 'या या, त्वरा करा, एकदा खाल तर पुन्हा पुन्हा याल' लिहिलं आणि पैकीच्या पैकी घेतले. आता सांगा, गाड्यावर गर्दी कुणाच्या जाहिरातीनं होईल?

—

लाल_मेपल

सिंगापूरहून लिहितोय. इथं प्राथमिक सहावीला पीएसएलई नावाची परीक्षा असते, तिच्यावर माध्यमिक शाळा ठरते, आणि तिच्यापायी घराघरांत जी धावपळ चालते ती बघितली तर आपली दहावी म्हणजे सहल वाटेल. शिकवण्या तिसरी-चौथीपासून. मुक्ताफळ्यांच्या हिशोबानं इथली मुलं पार वाळून गेलेली असायला हवीत.

पीसा नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २०२२ च्या फेरीत त्यांनी पहिल्यांदाच सर्जनशील विचार हा भाग घेतला, निकाल जून २०२४ मध्ये आले. सिंगापूर पहिलं, ६० पैकी ४१. ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) देशांची सरासरी ३३. त्याच फेरीत गणितातही सिंगापूरच पहिलं. कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, एस्टोनिया, फिनलंड हेही वरच. त्यांत मोकळ्या शाळांचे देश आहेत आणि घासून घेणारेही. भारत त्या फेरीत नव्हता, त्यामुळे आपलं काही म्हणता येत नाही.

म्हणजे कडक शाळा आणि कल्पकता यांचं वैर आहे हे आकड्यांत दिसत नाही. पण मला त्या निकालाचा फार अभिमानही वाटत नाही. चित्राला शीर्षकं सुचवा, एकाच अडचणीवर वेगवेगळे उपाय सांगा, अशा प्रकारची कामं असतात ती. माझा मुलगा अशा कामांत तरबेज आहे, कारण शाळेत सराव होतो. रविवारी सकाळी मात्र त्याला रिकामा वेळ दिला की तो मला येऊन विचारतो, 'बाबा, काय करू?' कांडीवाली ताईंचा 'विषय काय?' वाचून तेच आठवलं.

एक चांगली गोष्ट इथली: माध्यमिक शाळेत थेट प्रवेशाची एक वाट आहे, तिच्यात परीक्षेच्या गुणांआधी खेळ, संगीत, चित्रकला यांवर निवड होते. चित्रकलेसाठी मुलं स्वतःच्या कामाचा संग्रह दाखवतात. अर्थात त्या संग्रहाच्या शिकवण्याही निघाल्यात.

—

मुक्ताफळे

म्हणजे शेवटी सगळे मार्कांवरच आले. माझा मुद्दा सिद्ध झाला.

—

गाळीव_रत्न

कुठला?

—

कांडीवाली, इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. मास्तरांचा प्रतिसाद ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'फॉर्म भरा' एवढंच त्यांनी ऐकलं आणि उठून गेले.

मुलीलाही वाचायला दिला धागा. आधी चिडली, माझी चित्रं लोकांना कशाला सांगितलीस म्हणून. मग शेवटपर्यंत वाचला. तिचं म्हणणं असं, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहिते: 'पाच नाहीत, सात आकृत्या आहेत. सायकलवाला आणि पाठमोरी बाई आईनं मोजली नाही. आणि मला माग काढायचा कंटाळा आलाय, मी लहान होते तेव्हा.' मी म्हटलं, मग काय काढायचंय? तर म्हणाली, संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावरून सगळ्या सायकली समोर येतात ते. महिनाभर काढायला बघतेय, जमत नाही. क्लासमधला सायकलवाला बाजूनं जातो, डावीकडून उजवीकडं. समोरून येणारा कुणी शिकवलेला नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, 'परीक्षेला बाजूचाच काढ, समोरचा फसतो.'

म्हणजे ही काढतेय. मला ठाऊक नव्हतं. वहीची मागची पानं बघितलेली नाहीत, मास्तर, शपथ.

फॉर्म भरणार आहे, तिचीच इच्छा आहे, मैत्रिणी देतायत म्हणून. पण तुम्ही चित्रकलेचे मास्तर आहात तर तेवढं सांगाल का, समोरून येणारी सायकल कशी काढायची? तिनं विचारायला सांगितलंय.

—

अनुस्वार

आता धागा रुळावर आला.

—

खडूमास्तर, सातारा जिल्हा

ताई, क्लासच्या सरांचंही बरोबर आहे, परीक्षेत समोरचा फसतो. पण घरी फसला तर बिघडत नाही. तिला हे वाचायला द्या.

बेटा, सायकल अगदी नाकासमोर आली तर पुढचं चाक नुसती एक उभी जाड पट्टी दिसते, मागचं चाक त्याच्यामागं लपतं. तिथं चाक गोल काढायचा मोह होतो आणि तिथंच चित्र फसतं. किंचित तिरकी येत असेल तर चाक लंबगोल होतं. एलिमेंटरीला तांब्याचं तोंड काढलंस ना, तोच लंबगोल उभा कर. जितकी सायकल तुझ्याकडं वळेल तितका तो चिंचोळा होईल. हँडल मात्र पूर्ण रुंद दिसतं, म्हणून आधी हँडलची आडवी रेघ मार आणि चाकाची पट्टी तिच्या मधोमध खाली सोड. माणसाचे गुडघे हँडलच्या खाली दोन बाजूंना येतात. पायडलवर एक पाय वर, एक खाली, म्हणून एक गुडघा मोठा आणि जवळ, दुसरा खाली. मांड्या जवळजवळ दिसतच नाहीत, त्या काढायला गेलीस की माणूस लांबडा होतो.

घोळका काढताना सगळ्यांची डोकी साधारण एका रेषेत ठेव, म्हणजे तू त्यांच्याइतक्याच उंचीवर रस्त्यात उभी आहेस असं वाटेल. मागचे लहान होतात ते पायाकडून, त्यांची चाकं वर सरकतात. गच्चीवरून बघत असशील तर हे सगळं बदलेल, तेव्हा आधी कुठं उभी राहून बघणार आहेस ते ठरव. पेन्सिल बी किंवा टू बी घे, खोडरबर घरीच ठेव. सायकली थांबणार नाहीत, एकेका कागदावर एकच गोष्ट पकड, आज नुसती हँडलं, उद्या नुसते गुडघे.